कुंपणाबाहेरची डॉक्टरीण

धामणटोल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रोज सकाळी साडेआठला इमारतीच्या मागे जातात आणि चीरफाडीच्या खोलीला पाठ लावून फोनसमोर तोंड धरतात. नवख्या माणसाला वाटतं, बाई स्वतःचा फोटो काढताहेत. त्या हजेरी लावत असतात.

दोष त्यांचा नाही. गेल्या मे महिन्यात दवाखान्याची जागा फोनात नोंदवायला वरून एक कर्मचारी आला. ऊन मी म्हणत होतं. त्याने दवाखान्याच्या दारात उभं राहून बटण दाबायचं होतं, पण तो सावली बघत मागच्या चिंचेखाली गेला आणि तिथेच दाबून मोकळा झाला. तेव्हापासून ती चिंच म्हणजेच दवाखाना. तिच्यापासून चाळीस मीटरच्या आत जो असेल तो कामावर, बाहेरचा गैरहजर. तपासणीची खोली बाहेर पडली आणि पलीकडचा उकिरडा आत आला. दुरुस्तीसाठी तीन अर्ज गेले. तिन्हींना उत्तर आलं की अर्ज पुढे पाठवला आहे. पुढे म्हणजे कुठे, हे कोणालाच सांगता आलं नाही.

उकिरड्यावर शेण टाकायला आलेल्या बाया तिथे थांबायच्या, गंमत बघायच्या.

"कोन मेलं वं बाई?" एखादी विचारायची.

"आजून कोनी नाही," भारती म्हणायची. "मीच मरून राहिली या फोनापायी."

भारती हेडाऊ उमरेडच्या कोष्ट्याची पोरगी. वडिलांनी, चंपतरावांनी, हातमागावर लुगडी विणून तिला शिकवलं. माग बंद पडला, आई गेली, तसे ते लेकीजवळ दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. पहाटे हापशीवरून पाणी भरायचं, दोन वेळचा स्वयंपाक करायचा आणि डबा घेऊन लेक जेवायला कधी उठते याची वाट बघत व्हरांड्यात बसायचं, हे त्यांचं काम. भारतीची नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराची होती. असे चार करार झाले होते. चालू करार एकतीस मार्चला संपायचा होता आणि पुढच्या ऑर्डरसाठी तालुक्याच्या साहेबांनी तिचं नाव वर पाठवायला हवं होतं.

ती ऑर्डर तिला हवी होती. नागपूरला लकडगंजातल्या एका खासगी हॉस्पिटलचं बोलावणं दोनदा येऊन गेलं होतं. थंड खोली, आठ तासांची पाळी, पगार दुप्पट. ती गेली नाही. चार वर्षांत तिला इथली घरं पाठ झाली होती. कोणाची सासू साखर लपवून खाते, कोणाचा नवरा गोळी विसरतो पण बाटली विसरत नाही, कोणत्या सुनेचं डोकं माहेरचा फोन आला की दुखायचं थांबतं, हे तिला ठाऊक होतं. माणूस दुखणं सांगायच्या आधी घरातलं सांगतो, आणि ते ऐकून घेणारी डॉक्टर त्याला लागते. हे काम तिला मनापासून आवडायचं. संताप यायचा तो बाकीच्या सगळ्याचा. एका खोकल्याची नोंद तीन ठिकाणी करायची. पेशंटसोबत फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. शंभर माणसं तपासून झाल्यावर अमुक कार्डं कमी का निघाली, म्हणून मीटिंगमध्ये उभं राहून बोलणी खायची. आणि कपाटात दम्याचा पंप दोन महिन्यांपासून नाही, हे कोणी विचारायचं नाही.

मार्च म्हणजे मिरचीचा हंगाम. भिवापूरकडचा रस्ता दोन्ही बाजूंनी लाल होतो. मोकळ्या वावरात मिरचीचे ढीग ओततात, त्याला सातरा म्हणतात. बाया सकाळपासून उन्हात बसून देठ खुडतात. हातांची आग होते, रात्री ताकात हात बुडवून बसावं लागतं. त्या तपासणीला आल्या की मिरची त्यांच्यासोबत येते. भारतीने नाडी बघावी आणि चुकून आपल्या डोळ्याला हात लावावा, की पुढची दहा माणसं ती एका डोळ्याने तपासायची.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी, पावणेपाचला, सातऱ्यावरून फोन आला. सखूबाई पडली होती. सखूबाई पन्नाशी ओलांडलेली, विधवा, सहा वर्षं त्याच सातऱ्यावर देठ खुडणारी, आणि जुनी दमेकरी. भारतीचीच पेशंट. दवाखान्याची ॲम्ब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन नागपूरला गेली होती.

"बाई, पाच वाजले का तुमाले हजेरी लावा लागते न," नर्स सिंधूताई म्हणाल्या. "सहापर्यंतच घेते थे."

"थे उद्या पाहू. मशीन घ्या. ऑक्सिजनचा लहान सिलिंडर घ्या."

स्कुटीवर पुढे भारती, मागे सिंधूताई, मांडीवर वाफेचं मशीन आणि बगलेत सिलिंडर. रस्त्यात टेम्पोंची धूळ. अडीच किलोमीटर जायला पंधरा मिनिटं लागली.

सखूबाई ढिगाच्या सावलीला हात टेकून बसली होती. आडवी होऊ शकत नव्हती. श्वास घेताना गळ्याखालचे खळगे आत ओढले जात होते, ओठ निळे पडले होते. तिला बोलायचं होतं, पण एका शब्दापुढे दुसरा येत नव्हता. बाकीच्या बाया भोवती उभ्या होत्या, हातात पदर धरून, आणि खोकत होत्या.

वाफेच्या मशीनला वीज लागते. सातऱ्यावर एकच बोर्ड होता आणि त्यात वजनकाटा लावलेला होता. पोती तोलून ट्रकमध्ये चढत होती. सातऱ्याचा मालक सुशीलभाऊ काट्याजवळ उभा होता.

"मॅडम, पाच मिनट थांबा न. गाडी भरून राहिली."

"पाच मिनटात ही बाई जाईन."

"तसं नाही हो. नागपूरच्या इतवारीत आठला माल पोचवाचा हाय. तिले घरी नेऊन करा न वाफ."

भारती बोर्डाकडे गेली. काट्याची पिन उपसली आणि मशीनची लावली. काट्यावरचे लाल आकडे विझले. हमालांनी अर्ध्यात उचललेलं पोतं खाली ठेवलं, आणि कोणीतरी हसलं. सुशीलभाऊला ते हसू झोंबलं. चाळीस बायांपुढे आणि दहा हमालांपुढे एका बाईने त्याचा काटा बंद केला होता.

पंच्याण्णवच्या वर हवा तो ऑक्सिजन बोटावरच्या यंत्रात ब्याऐंशी होता; सिलिंडरची नळी लावली, वाफ दिली, शिरेतून इंजेक्शन दिलं, पुन्हा वाफ दिली. भारती मिरचीच्या टरफलांत गुडघे टेकून बसली होती. तिचेही डोळे वाहत होते आणि खोकला थांबत नव्हता. पाऊण तासाने सखूबाईचे ओठ माणसासारखे झाले.

"बाई," ती म्हणाली, "माही टोपली कोनी घेतली त नाही न?"

भारतीला हसावं की रडावं कळेना. तिने सखूबाईला आणखी वीस मिनिटं बसवून ठेवलं, मग एका टेम्पोने घरी धाडलं. दवाखान्यात परतली तेव्हा साडेसहा वाजले होते. चिंचेखाली जाऊन तिने फोनसमोर तोंड धरलं. घामाने आणि मिरचीने सुजलेलं ते तोंड फोनने ओळखलं नाही. ओळखलं असतं तरी वेळ संपली होती. तिने आत जाऊन रजिस्टरमध्ये खरं ते लिहिलं: सखूबाई, सातऱ्यावर, मिरचीच्या धुळीने दम्याचा तीव्र झटका.

आठव्या दिवशी नोटीस आली. संध्याकाळच्या हजेरीच्या वेळी विनापरवानगी गैरहजर, कार्यक्षेत्राबाहेर, खुलासा द्यावा. खाली माणसाची सही नव्हती. संगणकाने काढलेली असल्याने सहीची गरज नाही, असं छापलं होतं.

चंपतरावांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली.

"आमी कापड विनलं का सेठ कापड पाहे," ते म्हणाले. "सूत पाहे, काठ पाहे. खराब असलं त तोंडावर फेके. पन मागावर किती वाजता बसला, थे कधी कोनी नाही इचारलं. हे लोक त कापडच पाहून नाही राहिले वं."

"बाबा, जेवा."

"जेवतो. पन तू काहून मरून राहिली इथं? चाल नागपूरले. मी दोन पोळ्या तिथंबी करीन."

भारतीने नोटिशीची घडी घालून पिशवीत टाकली. तिला त्यांचं पटत होतं, आणि पटतंय याचाच राग येत होता.

तिने तालुक्याच्या साहेबांना फोन केला. साहेब स्वतः डॉक्टर होते. एके काळी त्यांनीही असाच दवाखाना चालवला होता.

"हेडाऊ मॅडम, मला समजतं हो," ते म्हणाले. "पण सिस्टिमला पुरावा लागतो. जागेच्या मालकाचं आणि पेशंटचं लिहून आणा. लगेच निकाली काढतो."

दुसऱ्या दिवशी ती सुशीलभाऊकडे गेली. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत गोड बोलला.

"मॅडम, तुमी देवमानूस हा. पन माह्या सातऱ्यावर असं काही झालंच नाही."

"भाऊ, तुमच्या काट्याची पिन मीच काढली."

"थे तं लाइट गेली होती." तो हसला. "पाहा, उद्या मजुरीचा इन्स्पेक्टर येईन. मास्क दाखव म्हनन, शेड दाखव म्हनन. मंग सातरा बंद. या चाळीस बायाइले तुमी काम देसान का? तुमी रजिस्टरात काहीबाही लिवलं, मले माहीत हाय. थेबी सुधरवून टाका. घरी पडली म्हना."

"घरी नाही पडली."

"तिलेच इचारा न मंग."

सखूबाईच्या घरी भारती संध्याकाळी गेली. सखूबाई चुलीपुढे बसली होती. डॉक्टरीणबाईंना बघून उठली, पाट टाकला, आणि पुन्हा चुलीकडे तोंड करून बसली.

"बाई, मले लिवाले नोको लावू," ती आपणहून म्हणाली. "मालक आला होता. म्हने, तोंड उघडलं त कोनत्याच सातऱ्यावर बसू नाही देनार."

"मी तुह्याजवळ बसली होती न, सखूबाई?"

"होती न. तूच वाचवलं." सखूबाईने पदराने डोळे पुसले. धूर होता की काय होतं, कळलं नाही. "पन पुढं त मले मिरचीच खुडा लागते."

परत येताना भारतीने स्कुटी नाल्यावर थांबवली आणि एकटीच मोठ्याने दोन शिव्या दिल्या. कोणाला दिल्या, ते तिचं तिलाही नक्की सांगता आलं नसतं. सखूबाईला नव्हत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्याशालाच चोराकडून साक्ष मागून आणायला सांगत होते.

वीस मार्चला तालुक्याच्या कार्यालयात बोलावणं आलं. भारती शंभर माणसं सिंधूताईंच्या भरवशावर सोडून गेली. त्या दिवसाचीही गैरहजेरी लागणारच होती, कारण साहेबांचं कार्यालय चिंचेपासून बावीस किलोमीटरवर होतं. तिथे तिला दीड तास बाकावर बसवलं. आतून हसण्याचा आवाज येत होता. मग बोलावलं.

सुशीलभाऊ आधीच आत होता, पाय पसरून. त्याच्यामागे भिंतीला टेकून सखूबाई उभी होती. तो तिला आपल्या गाडीत, मिरचीच्या पोत्यांवर बसवून घेऊन आला होता. तिच्या केसांत मिरचीचं बी होतं.

"बसा मॅडम," साहेब म्हणाले. "हे बघा, मी कोणाचंच नुकसान करत नाही आहे. पेशंटला विचारलं मी. काय हो बाई, काय झालं होतं त्या दिवशी?"

सखूबाई खाली बघत म्हणाली, "काही नाही साहेब. घरी चक्कर आली होती."

"डॉक्टर मॅडम आल्या होत्या?"

खोलीत पंखा फिरत होता. सखूबाईने सुशीलभाऊकडे बघितलं.

"नाही साहेब."

चार वर्षांत भारतीने पुष्कळ ऐकून घेतलं होतं, पण हा शब्द तिला छातीत लागला. आणि तेवढ्यातही तिचं लक्ष दुसरीकडेच गेलं. 'नाही साहेब' म्हणून झाल्यावर सखूबाईने जो श्वास घेतला, त्याला बारीक शिट्टी होती.

साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्या दिवशी मी खासगी कामासाठी परवानगी न घेता बाहेर गेले होते, त्याबद्दल दिलगीर आहे, यापुढे असं होणार नाही. खाली तिचं नाव छापून तयार होतं.

"एक सही करा. अर्धा दिवस कापला जाईल, बस. रजिस्टरमधली ती ओळ दुरुस्त करा. फाइल बंद. तुमचं नाव मी आजच वर पाठवतो. चांगलं काम करता तुम्ही, मला माहीत आहे."

"माहीत आहे, तर हे खासगी काम कसं झालं, सर?"

"मॅडम, भावनेचा प्रश्न नाही."

"मी भावनेचं बोलतच नाही आहे. या बाईच्या ऑक्सिजनचं बोलून राहिली. ब्याऐंशी होता. तुम्ही डॉक्टर आहात. ब्याऐंशी म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या हाताने तुम्ही याला खासगी काम लिहिता?"

साहेबांनी पेन फिरवलं. उत्तर त्यांच्याजवळ होतं, पण ते डॉक्टरचं नव्हतं. "विचार करा," ते म्हणाले. "बाहेर बसा दहा मिनिटं. सही केली नाही, तर मला तुमचं नाव पाठवता येणार नाही. तुझ्या चुकीपायी मी का..." अर्ध्यात ते थांबले. रागात त्यांच्या तोंडून अरेतुरे निघालं होतं.

भारती कागद घेऊन बाहेर ओट्यावर आली. मागून सखूबाई आली, भिंत धरून. दोन पायऱ्या उतरली आणि तिसरीवर बसली. पोत्यांवरचा तासाभराचा प्रवास तिला आता भोवत होता. खांदे वर चढले होते, मान पुढे आली होती.

शेजारी झेरॉक्सच्या दुकानासमोर माणसं उभी होती. बघत होती.

भारतीला क्षणभर वाटलं, जावं निघून. नाही आली म्हणालीस ना तू, मग मी नाहीच आले. हे तिला खरंच वाटलं, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण तोवर तिचा हात पिशवीत गेला होता. उमरेडहून स्वतः विकत आणलेला पंप तिने काढला, हलवला, आणि सखूबाईची हनुवटी वर केली.

"श्वास सोड. पूर्ण सोड. आता ओढ. थांबव. आजून थांबव."

एकदा झालं. मिनिटभराने पुन्हा. भारती पायरीवर बसली होती, तिचा हात सखूबाईच्या पाठीवर होता, आणि तळव्याखाली छाती घरघरत होती.

शिपाई दारात आला. "मॅडम, साहेब बोलावून राहिले. सही झाली का म्हने."

"थांबा म्हना त्याइले. पेशंट पाहून राहिली मी."

शिपाई आत गेला, परत आला आणि दाराला टेकून उभा राहिला.

तिसऱ्यांदा पंप ओढल्यावर सखूबाईची पाठ सैल पडली. भारतीने मांडीवरचा कागद उचलला. टाइप केलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली पेनाने लिहिलं: त्या दिवशी त्या वेळी मी कामावर होते. रजिस्टरमधली नोंद खरी आहे, ती बदलणार नाही. सही केली, तारीख घातली आणि कागद शिपायाला दिला. शिपायाने तो वाचला, तिच्याकडे बघितलं आणि हलकेच आत नेला.

सखूबाईला अक्षर येत नव्हतं, पण रेघ तिने पाहिली होती.

"काय लिवलं वं बाई?"

"जे झालं थे."

"माहं नाव?"

"रजिस्टरात पयलेच हाय. इथं नाही टाकलं."

सखूबाईने आपली बोटं पदराला पुसली. नखांच्या कडा मिरचीने सोलल्या होत्या. "हा पंप संपला का मी येईन दवाखान्यात," ती म्हणाली. "उद्या हायेस न तू?"

"हाव. एकतीस तारखेपावतर हाये. थोवर रोज ये."

"आन मंग?"

"मंग काय?"

"एकतीस तारखेच्या मांगून?"

भारती उठली. साडीला लागलेली धूळ झटकली. बोलायचं नव्हतं, तरी तिच्या तोंडून निघालंच. "थे मले नोको इचारू, सखूबाई. थे साहेबाले इचार."

एवढं बोलून ती स्कुटीकडे गेली. दुपारचे अडीच वाजले होते आणि दवाखान्यात माणसं खोळंबली असणार. तिने किल्ली लावली आणि सहज मागे बघितलं. पायरी रिकामी होती.

सखूबाई दारात उभी होती. आतून सुशीलभाऊचा आवाज आला, "ए, तू कुठी चालली? गाडीत जाऊन बस." शिपायाने हात आडवा केला होता.

"साहेबाले इचाराचं हाय," सखूबाई म्हणाली, आणि त्याचा हात बाजूला सारून आत गेली.